गुलाल मीच टाकला

माझं नाव शालन, कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली, आणि पयलंच सांगून ठेवतो ताई, मी येतो-जातो असंच बोलणार. सून पुण्याची हाय, ऋचा, ती लग्न झाल्यापासनं हसते, म्हणते आई तुम्ही बाईमाणूस असून गेलो-आलो काय म्हणता, मी म्हणतो आमच्याकडं बायका अशाच बोलतात, ऐकायचं तर ऐक न्हाईतर कानात बोळे घाल. तवा तुम्ही मंडळाच्या अंकात लिहिताना ते सुधारत बसू नका. तुम्ही विचारलंत या वयात अमेरिकेत येऊन फुटबॉलच्या बेंचवर कशी काय बसलात, तर ते सांगायचं म्हणजे मागं जायला पायजे.

आमच्या वडलांचं सायकलचं दुकान होतं, पंक्चर काढायचे, आणि पेठेतल्या तालमीच्या फुटबॉलमधी हवा पण तेच भरायचे. तालीम म्हणजे कुस्तीची, पण कोल्हापुरात दर तालमीची फुटबॉलची टीम असते, पेठ पेठ भांडती त्यावरनं, सोयरिकी मोडतात, खोटं न्हाई सांगत. आम्ही पोरी स्टेडियमशेजारच्या गच्चीवर चढून मॅच बघायचो, खाली बायकांना कोण बसू देतंय. आणि टीम जिंकली की गुलाल. गुलाल म्हणजे असा तसा न्हाई, पोत्यानं, रस्ता लाल, माणूस लाल, दारातली म्हस पण लाल. हरलेल्या पेठेत त्या दिवशी दारं लावून जेवायचे. हे तुमास्नी अशासाठी सांगतो की पुढं जे झालं ते याच्यातनंच झालं.

माझं लग्न झालं तो माणूस गोलकीपर होता. दिवसभर फौंड्रीत काम आणि संध्याकाळी ग्राऊंड. आमच्या आईला पसंत नव्हता, वडील म्हणाले गोलकीपर हाय, अंगावर येईल ते घेईल, पोरगी सुखात राहील. आणि घेतलं त्यानं, सगळं घेतलं, माझा तोंडाळपणा पण. बापू म्हणून धाकटा दीर, तो मात्र खेळला न्हाई कधी, तो नुसता ओरडणारा. मॅच सुरू झाली की बापूचा गळा सुरू. माणूस लाख मोलाचा, पण धीर म्हणून न्हाई, भात शिजायच्या आधी झाकण काढणारा. तो लवकरच इकडं न्यू जर्सीला आला, आयसेलिनला एका साडीच्या दुकानात हाय अजून.

मालक गेले आणि अभिजितनं, माझ्या पोरानं, मला इकडं नेपरव्हिलला आणलं. काय सांगू तुमाला ताई, पहिला हिवाळा. खिडकीतनं बघावं तर पांढरं, परत बघावं तर पांढरंच. पोरगा-सून ऑफिसला, नात शाळेत, ती आली की हाय आज्जी म्हणती आणि वर खोलीत. मी मराठीत विचारतो जेवलीस का, ती वरनंच म्हणती आय एम गुड. मंग मी इंडियन ग्रोसरीच्या किचनमधी चपात्या लाटायला लागलो, तेवढीच बायकांची सोबत, अजून जातो. पण खरं सांगतो, दुसऱ्या हिवाळ्यात मी अभिजितला म्हणालो, मला परत पाठव, इथं मी कुणाची कोण.

तवा त्यानं मला एका रविवारी ग्राऊंडवर नेलं. त्यानं टीम काढलेली, नाव ठेवलं तालीम एफसी, गोरे लोक टलीम टलीम म्हणतात. त्यात आपली शिकायला आलेली नागपूर-पुण्याची पोरं, दोन-तीन कंप्युटरवाले, आणि बाकी मेक्सिकोची पोरं, घरांची छपरं घालणारी. गोलात चुई म्हणून त्यातलाच एक, हात असे की नुसते फावडे. लीगचा नियम होता की बेंचवर एक कार्डवाला जबाबदार माणूस पायजे, जो खेळत न्हाई. खेळायचं तर सगळ्यांनाच होतं, मंग बसणार कोण. अभिजितनं माझा फोटो काढला, साडीवर स्वेटर घातलेला, आणि माझं कार्ड आलं. टीम ऑफिशियल. जी बाई जन्मभर गच्चीवरनं बघत होती ती बेंचवर बसली, ताई. त्या दिवसापासनं परत जायचं नाव मी काढलं न्हाई. संत्री सोलून न्यायची, बर्फाच्या पिशव्या धरायच्या, कोण लंगडतंय ते बघायचं आणि हाफ टाइमला शिव्या घालायच्या. शिव्या मराठीत, पण चुईला बरोब्बर कळतात. तो मला डोन्या शालन म्हणतो, म्हणजे आपण बाईसाहेब म्हणतो तसं.

आता मुद्द्याचं. आमची टीम होती दुसऱ्या डिव्हिजनला. वरचे दोन नंबर पहिल्या डिव्हिजनला जाणार, हे दरसालचंच. पण गेल्या साली सीझनच्या मध्यात लीगवाल्यांनी कळवलं, दुसरा डिव्हिजन आता बंद, जे वर जाणार न्हाईत ते सगळे शनिवारच्या लीगमधी. आता तुम्ही म्हणाल शनिवार काय आणि रविवार काय. अहो, छपरावाली पोरं शनिवारी कामावर असतात, उन्हाळ्यात तर सुट्टी मागितली की काम गेलं. निम्मी टीम तिथंच गळणार. चुई गेला तर गोल उघडा. म्हणजे वर गेलो तर टीम, न्हाई गेलो तर टीम मोडली, मधलं काय न्हाई. आणि टीम मोडली तर मी परत खिडकीतनं पांढरं बघायला मोकळी. मला झोप लागंना झाली.

त्या दिवसापासनं प्रत्येक मॅच म्हणजे बाळंतपण. एक जिंकायची, एक घालवायची. नागपूरचं पोरगं पायात गोळे येऊन पडलं की मी बर्फाची पिशवी घेऊन उठलोच. किचनमधी चपाती लाटताना माझं तोंड सुरू, हे जिंकले तर आपले इतके, ते हरले तर आपले तितके, बाजूची गुजराती बाई म्हणाली शालनबेन, तुमच्या चपात्या अलीकडं चौकोनी यायला लागल्यात. अभिजित घरात बोलेना झाला. त्याचा स्वभाव बापावर गेलाय, खरं बोलणार, कमी बोलणार, आणि खोटं त्याला पचत न्हाई, लहानपणी पेरू चोरून खाल्ला तर स्वतःच जाऊन सांगून आलता.

शेवटची मॅच आली ऑक्टोबरात, पोलिश लोकांच्या टीमबरोबर. आम्ही दोन नंबरला, ते आमच्या पाठी लागून तिसऱ्या. ड्रॉ झाली तरी आम्ही वर, हरलो तर ते वर. त्यांचा कॅप्टन मोठा, मिशीवाला, पन्नाशीला आलेला, पण काय पाय हो त्याचे. मॅच एका शाळेच्या ग्राऊंडवर, प्लास्टिकचं गवत, नवंकोरं, आणि वारा असा की माझा पदर डोक्यावर राहीना. बापू न्यू जर्सीहून विमानानं आलता खास, आल्या आल्या पाया पडला, खांद्याला कापडी पिशवी. मी म्हणालो काय हाय त्यात, तर म्हणाला वहिनी, फरसाण. मी पण खुळी, विश्वास ठेवला.

हाफच्या आधी त्यांनी गोल घातला. मिशीवाल्यानंच. मला वाटलं संपलं. हाफ टाइमला मी शिव्या पण घातल्या न्हाईत, नुसतं प्रत्येकाच्या हातात संत्र्याची फोड दिली, तर चुई माझ्याकडं बघायला लागला घाबरून, डोन्या गप्प हाय म्हणजे काय खरं न्हाई. दुसरा हाफ सुरू. आमची पोरं मारतात, बॉल बारला लागतो, मारतात, त्यांचा कीपर पकडतो. तिथं घड्याळ न्हाई, वेळ सगळी रेफ्रीच्या मनगटात. मी ऋचाला विचारतो किती राहिले, ती म्हणती आई आत्ताच विचारलंत. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत न्हाई, पण तिची पण नखं खाऊन झालती.

मंग कॉर्नर मिळाला. सगळे वर गेले, चुई पण गोल सोडून निम्म्यावर आला, मी ओरडतोय माघारी फिर, माघारी फिर. बॉल आला, गर्दी, एकाच्या डोक्याला, दुसऱ्याच्या पाठीला, आणि अभिजितच्या गुडघ्याला लागला का पोटाला ते अजून कुणी सांगू शकत न्हाई, पण गेला आत. एक-एक. सगळी पोरं अभिजितच्या अंगावर पडली, ढीग झाला नुसता. मी उठलो. मी रडत होतो, खरंच सांगतो, माझा माणूस आठवला मला. आणि कानाशी बापूचा आवाज आला, आपलंच, वहिनी, आपलंच. बघतोय तर त्यानं पिशवीत हात घातलेला.

फरसाण कुठलं. आयसेलिनच्या बाजारातनं आणलेला गुलाल, किलोनं. मॅच संपली न्हाई, रेफ्रीची शिट्टी न्हाई, आणि या बाबानं पहिली मूठ उधळली. अहो झाकण काढलं त्यानं. मी धावलो, पिशवी धरली, तो म्हणतो सोडा वहिनी, मी म्हणतो दे इकडं गाढवा, आणि त्या झटापटीत पिशवी फाटली. वरनं तो वारा. काय सांगू तुमास्नी, सगळा गुलाल उठला आणि गेला सरळ ग्राऊंडच्या मधोमध. रेफ्रीचा पिवळा शर्ट गुलाबी. पोलिश पोरं डोळे चोळतात. नवंकोरं हिरवं गवत, त्यावर लाल पट्टा, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. बापू मागं गर्दीत सरकला, आणि मी उभी तिथं, फाटकी पिशवी हातात, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. अभिजित ढिगाच्या खाली होता, त्याला काय दिसलं न्हाई, असंच मला वाटलं. मिशीवाला मात्र अगदी समोर उभा होता, माझ्याकडं बघत.

रेफ्रीनं मॅच थांबवली. डोळे धुवायला पाणी दिलं सगळ्यांना, माझ्याच बाटल्या गेल्या त्यात. मंग परत सुरू केली, आणि ती शेवटची पाच-सात मिनिटं मी जन्मात विसरणार न्हाई. पोलिश लोक चिडलेले, त्यांचा नऊ नंबरवाला रेड्यासारखा आत घुसला, मारला, चुईनं पाय घातला, बॉल खांबाला लागून बाहेर. शिट्टी झाली. आम्ही वर गेलो, ताई. आणि कुणी ओरडलं न्हाई. रेफ्री काहीतरी लिहीत होता, शाळेचा माणूस गवताकडं बोट दाखवून बोलत होता, आणि आमची पोरं गुडघ्यावर बसून पाण्यानं घासत होती, जितकं घासतील तितकं पसरत होतं.

घरी येऊन अभिजितनं कपडे-बिपडे काय न बदलता लीगचा नियम वाचून काढला, मोठ्यानं, आम्हा सगळ्यांसमोर. प्रेक्षकानं असं काय केलं तर जबाबदारी क्लबची, तीन पॉइंट कट. बेंचवरच्या ऑफिशियलनं केलं तर तो माणूस एक सीझन बंद, ग्राऊंडच्या आत पाय टाकायचा न्हाई, पॉइंट शाबूत. तीन पॉइंट गेले म्हणजे पोलिश वर, आम्ही शनिवारात, टीम गेली. मी म्हणालो ते ऑफिशियलचं परत वाच. त्यानं वाचलं. बापूचं तोंड पांढरंफटक, तो सोफ्यावरनं उठायला लागला, मी त्याच्या पायावर पाय दिला, असा दिला की अजून लंगडत असंल.

मंग अभिजित माझ्याकडं बघून म्हणाला, आई, तुझ्या हाताला रंग कसा लागला. मी म्हणालो, मीच टाकला, लागणारच.  त्यानं शूज काढले आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी बापू स्वैपाकघरात रडायला लागला, वहिनी मी जातो, सांगतो त्यांना खरं. मी म्हणालो, तू खरं बोललास तर तुझं मन हलकं होईल आणि टीम जाईल, कुठलं पायजे बोल. तो म्हणाला पण अभिजित तुमच्यावर रागावलाय. मी म्हणालो रागावू दे, पोटचा हाय, कुठं जातोय. त्याला सांगितलं तर तो उठून कमिटीला सांगून येईल, तुला माहीत हाय तो. तवा तू गप. कढी वाढली त्याला आणि संध्याकाळच्या विमानानं पाठवून दिलं.

कमिटीची मीटिंग लायब्ररीच्या एका खोलीत, दोन दिवसांनी. तीन माणसं टेबलाच्या पलीकडं, अलीकडं मी, अभिजित आणि तो मिशीवाला.  इंग्लिश मला चपातीच्या दुकानापुरतं येतं. त्यातल्या बाईनं विचारलं हे कुणी टाकलं, प्रेक्षकानं का आणखी कुणी.  मी दोन्ही हात टेबलावर उताणे टाकले. आयसेलिनचा स्वस्तातला रंग, दोन दिवस भांडी घासून पण गेला नव्हता. मी म्हणालो, आय थ्रो. आय, ऑफिशियल.

बाईनं मिशीवाल्याला विचारलं, तुम्ही काय बघितलं.  त्याला वर जायचं असेल तर त्यानं म्हणायचं, मागं एक म्हातारा होता, त्यानं सुरू केलं. झालं, संपलं. तो लई वेळ माझ्या हाताकडं बघत राहिला. मंग म्हणाला, मी या बाईच्या हातात पिशवी बघितली. एवढंच. त्यानं जेवढं बघितलं तेवढं सांगितलं का जेवढं सांगायचं तेवढंच बघितलं, ते त्याला ठाऊक. पण म्हातारा म्हणून शब्द काढला न्हाई. आणि तसं बघायला गेलं तर मी पण अगदीच खोटं बोललो न्हाई, निम्मा गुलाल तर माझ्याच हातनं सांडला.

मला एक सीझन बंदी. टीम वर.

मंग यंदाचा सीझन, ताई. पहिला डिव्हिजन, ग्राऊंडला दिवे, चांगलं गवत, आणि मी पार्किंगमधी. माझ्या जागी बेंचवर कोण, तर ऋचा. तीच, ओ की ठो न कळणारी. कानाला फोन लावून मला सांगती, आई, आपला तो निळ्या बुटांचा पडला, आई, त्यांच्यातला एक पळत सुटलाय कुठंतरी. मी म्हणतो अगं बॉल कुठं हाय ते सांग. आता परवा बघितलं तर रेफ्रीशी भांडत होती, पुण्याच्या स्पष्ट मराठीत. संत्री मीच सोलून देतो, चुई कुंपणापाशी येऊन नेतो आणि जाताना कपाळाला हात लावतो.

पण घरात अभिजित बोलत नव्हता पयल्यासारखा. चहा घेतलास का, औषध घेतलंस का, एवढंच. रविवारी मला गाडीतनं न्यायचा, गप्प. एक मात्र हाय, गाडी तो सरळ लावायचा न्हाई, मागंपुढं करत, तिरकी करत, दोन-दोन जागा अडवून लावायचा, लोक हॉर्न मारायचे तरी. मला पयल्यांदा कळलंच न्हाई कशाला. मंग बघतोय तर काचेतनं आपला गोल दिसतोय, पूर्ण, दोन खांबांसकट. मी म्हणालो असू दे, रागात पण आईची काळजी करतोय. पण मनातनं खात होतं मला. माझ्या पोराला वाटतंय त्याच्या आईनं अक्कल गहाण टाकून एवढ्या पोरांचं घर मोडायला आणलं, आणि मी त्याला सांगू शकत न्हाई. वर्षभर ताई. टीम जिंकली की मी गाडीत एकटीच टाळ्या वाजवायचो, हरली की एकटीच शिव्या.

आता येत्या रविवारी सीझनची शेवटची मॅच. यंदा खाली, त्या शनिवारच्या लीगमधी, पडायची भीती होती, तेवढं टळलंय, मधल्या नंबरला हाय टीम. त्यानंतर माझी बंदी उठली. तर गेल्या रविवारी मॅच संपली, अभिजित येऊन गाडीत बसला, घामानं निथळत, गाडी सुरू करंना. मला वाटलं गुडघा दुखतोय. म्हणालो बर्फ देऊ का. तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला,

आई, बापूकाकाला फोन कर. शेवटच्या मॅचला ये म्हणावं, पण पिशवी घरी ठेवून ये.

 मी म्हणालो तुला कधीपासनं माहीत हाय. तो म्हणाला ढिगाच्या खालनं सगळं दिसत होतं. मी कमिटीसमोर तुझ्या शेजारी बसलो होतो, आई, आणि तोंड उघडलं न्हाई. वर्षभर तुझ्याकडं बघायची लाज वाटत होती मला.

बघा ताई, मी समजत होतो तो माझ्यावर रागावलाय. पेरू खाल्ला तर सांगून येणारं पोर माझं, त्यानं वर्षभर ते गिळलं, चुईसाठी, त्या छपरावाल्या पोरांसाठी, आणि मला रविवार मिळावा म्हणून. मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, घाम-बिम काय बघितलं न्हाई. मंग घरी आलो, जेवलो, आणि लई दिवसांनी त्यानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

तुम्ही लिहा हे, लिहू नका असं मी म्हणत न्हाई. तुमचा अंक दिवाळीला येतोय, तवर सीझन संपला, आणि पोलिश लोकांस्नी कुठं मराठी वाचता येतंय. पुढच्या साली मी परत बेंचवर, ऋचा म्हणती आई मी पण बसणार तिथंच, मला ढकलू नका. बसू दे की, बेंच लांब हाय. पोरांचे हातपाय धड राहू देत, छपरावरनं कुणी पडू नये, आणि माझ्या पोराला परत कधी माझ्यासाठी असं गप्प बसायची पाळी येऊ नये, एवढंच मागणं हाय बघा.